घडीवर कापू नये

मला लिहायला सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, चुकलं तर कोण ओरडणार. अंकाच्या ताई म्हणाल्या, कुणी नाही ओरडत, तू बोलतेस तसंच लिही. आता मी बोलते ते जिना चढून आल्यासारखं, एक संपायच्या आत दुसरं सुरू, तर वाचताना दम लागला की तुम्हीच मधे थांबून पाणी प्या. माझं नाव शीतल. शाळा नववीपर्यंत. मुलगी चार वर्षांची आहे, परी. आणि काम म्हणाल तर मी गाड्यांची हूड शिवते.

हूड म्हणजे काय ते रिक्षात बसणाऱ्या माणसाला माहीत असतं, वरचं कापडाचं छप्पर. मी शिवते ती जुन्या जीपची आणि त्याहून जुन्या उघड्या गाड्यांची. बायका विचारतात त्यात काय एवढं, ताडपत्रीच ना. मी म्हणते हो, ताडपत्रीच, शिवून दाखव. कापडात सुई गेली की भोक पडतं आणि पाण्याला भोक बरोबर सापडतं. म्हणून वरचं कापड खालच्यावर कौलासारखं चढवून शिवायचं, दोरा असा घ्यायचा जो ओला झाला की फुगतो आणि आपलं भोक आपणच बंद करतो. वर ते डफासारखं ताणलेलं पाहिजे, आणि मनात आलं की दुमडून मागे टाकता पण आलं पाहिजे. ताण जास्त झाला तर हूड लागत नाही, कमी झाला तर गाडी पळताना फडफडतं आणि आतल्या माणसाचं डोकं उठतं.

मी घाबरट आहे हे पण आधीच सांगून टाकते. लिफ्टमध्ये बसत नाही, बंद जागेत माझा श्वास अडकतो. कुत्र्याला घाबरते. प्लगला हात लावत नाही, घरात मिक्सर लावायचा तर नवऱ्याला हाक मारते, तो शिफ्टला असला तर चटणी दुसऱ्या दिवशी. पण मशीनवर बसले की भीती पोटात राहते, हातात उतरत नाही. हात माझे चांगले आहेत. हे मी स्वतःच सांगते, कारण माझ्या हाताने एकदा जेवढं नुकसान केलं तेवढं वाईट हाताच्या बाईला जमलं नसतं.

आधी मी चाकणला सीट कव्हरच्या कंपनीत होते, लाईनवर. माझ्याकडे मागच्या सीटची बाजूची शिवण, डावी आली की डावी, उजवी आली की उजवी, दिवसभर तेच. डावी आणि उजवी म्हणजे आरशात बघितल्यासारखी, एक केसाचा फरक नाही, फरक दिसला की लाल चिठ्ठी लावून बाजूला. परी पोटात होती तोपर्यंत काम केलं, नंतर कॉन्ट्रॅक्ट संपलं ते संपलंच. नवरा चाकणच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टवर, सासूबाई गावाकडे, आई स्वतःच कामाला जाते, मग पोरगी ठेवायची कुणाकडे. तळवड्याला आमच्या खोलीच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे, तिथे जुन्या गाड्या दुरुस्त होतात, आणि तिथल्या म्हाताऱ्या चाचांना शिवणारी बाई पाहिजे असं कळलं. मी परीला कडेवर घेऊन गेले.

चाचा म्हणजे मुश्ताक चाचा. मूळचे डेंटर. पत्र्याला पोचा आला की आपण गाडी जिथे नेतो ते डेंटर, पण चाचा पोचे काढत नाहीत फक्त, ते सपाट पत्र्यापासून अख्खं मडगार्ड ठोकून काढतात, लाकडाच्या हातोडीने, वाळूच्या पिशवीवर. त्यांनी मला एकच विचारलं, हूड शिवलंय का कधी. मी म्हटलं हो. खोटं बोलले. सीट कव्हर शिवलं होतं आणि विहारातल्या शिवणक्लासमध्ये ब्लाऊज, बस. परीकडे बघून त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, कोपऱ्यात सायलेन्सर टांगायचे दोन हूक होते ते रिकामे केले आणि म्हणाले, झोळी इथे बांध.

हे वाक्य मला तेव्हा नोकरीपेक्षा मोठं वाटलं. आजूबाजूला शंभर कंपन्या असतील, झोळी बांधू देणारी ही एकच.

पहिलं काम आलं खेडच्या एका माणसाच्या जीपचं. त्याचा बोकड त्याच्याबरोबर गाडीत फिरायचा आणि त्याला हुडाला बोकडासाठी वेगळी खिडकी पाहिजे होती. मी घाबरून काही विचारलंच नाही, बोकडाची उंची पण नाही, अंदाजाने खिडकी कापली. झाल्यावर चाचा म्हणाले, आता आत बस. तिथला नियम असा आहे की हूड ज्याने शिवलं त्याने आत बसायचं आणि बाहेरून बाकीच्यांनी पाइपने पाणी मारायचं. दरवाजा लावला, माझा श्वास अडकला, आणि पाणी असं आलं की मी डोक्यावर कळशी ओतल्यासारखी भिजले. चाचांनी टॉवेल दिला. मी सगळं उसवून परत शिवलं. बोकडाची खिडकी मात्र बरोबर बसली, तो माणूस नंतर मुद्दाम दाखवायला आला होता.

आता त्या गाडीचं सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

ती आली टेम्पोतून, अर्धी गाडी आणि अर्धी खोक्यात. मालक केतन सर, हिंजवडीला आयटीत, राहायला पिंपळे सौदागरला, बोलायला एकदम मऊ, चिडले तरी आवाज चढत नाही. लोणावळ्याच्या कुठल्यातरी बंद बंगल्यात त्यांना ती मिळाली होती. इटलीची, दोन माणसांची, उघडी. माझ्या आईच्या वयापेक्षा जुनी. आपल्याकडे अशी दुसरी आहे की नाही हे सरांना पण माहीत नव्हतं. मी बघितली तेव्हा मला आधी वाटलं हिचं सामान हरवलंय, कारण दरवाज्याला बाहेरून हँडलच नाही, हात आत घालून उघडायचा, आणि वरखाली होणाऱ्या काचा पण नाहीत. स्टेअरिंग डावीकडे. पुढची काच दोन्ही टोकांना अशी वळलेली की बांगडीचा तुकडा.

चाचा कामाच्या नादात असले की समोर कोण आहे बघत नाहीत, शिकवत सुटतात. त्यांनी मला ती गाडी झाकणं काढून दाखवली. इंजिन पुढे, सहा सिलेंडर, तीन एका बाजूला कललेले आणि तीन दुसऱ्या, म्हणून आखूड आणि बसकं. पण गियरबॉक्स इंजिनाला चिकटून नाही. तो मागे, मागच्या चाकांच्या मधे, क्लच पण तिकडेच. मधून एक लांब दांडा जातो, आणि तो इंजिनाच्याच वेगाने फिरतो, म्हणून त्यात जरा जरी वाक असला तर अख्खी गाडी थरथरते. मागचे ब्रेक सुद्धा चाकात नाहीत, आत गियरबॉक्सच्या अंगाला लावलेत, चाक जेवढं हलकं तेवढं रस्त्याला धरून राहतं म्हणून. मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, सगळं एका जागी ठेवलं असतं. चाचांनी दोन हात कावडीसारखे पसरले आणि म्हणाले पुढचं वजन आणि मागचं वजन जवळजवळ सारखं, मग वळणावर गाडी डोकं पण टाकत नाही आणि शेपूट पण फिरवत नाही. त्या काळात ज्याने हे डोक्यातून काढलं त्याला सलाम, असं म्हणून त्यांनी खरंच इंजिनाला सलाम केला.

आणि वरचा पत्रा मात्र सगळा हाताने ठोकलेला. हे पण त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, डोक्यात घेतलं नव्हतं.

आत्ता कळतं की तेवढं एक वाक्य मी त्या दिवशी कानाआड केलं आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

हूड माझ्याकडे आलं तेव्हा ते हूड नव्हतंच, काळ्या चिंध्या होत्या, हातात धरलं की भुगा. म्हणजे माप घ्यायला जुनं काही नाही. सीटच्या मागे गाडीच्या अंगावर एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर हुडाची मागची कड खिळ्यांनी ठोकतात. ती दोन्ही टोकांना कुजलेली. ती काढून चाचांनी तशीच सागवानी नवी बसवली आणि जुनी भंगाराच्या पिंपात टाकली. कंपनीत आम्हाला डोक्यात घातलेलं, नको ते बाजूला करा, कामाचं ते ठेवा. मी पिंपातून ती उचलली, कुजलेली टोकं करवतीने उडवली आणि मधला हातभर चांगला तुकडा परीच्या झोळीत घातला. झोळीत वर आडवी काठी लागते ना, कापड फाकवून धरायला, नाहीतर पोराच्या तोंडावर येतं. आधीची काठी आखूड होती. त्या पट्टीवर पेन्सिलीचं काहीतरी खरडलेलं होतं, सुतार लिहितात तसं. मी काय ते वाचत बसले नाही.

कापड जर्मनीहून आलं. तीन थरांचं, वर विणीचं, मधे रबर, आत सुती. गडद निळं. बरोबर एका हुडापुरतं आणि वर थोडं. त्याच आठवड्यात चाचांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू, ते घरी. जाताना म्हणाले मी येईपर्यंत कापू नको. मी नाही कापलं चार दिवस. पाचव्या दिवशी मला वाटलं, आले की सगळं तयार दाखवू, एवढा विश्वास टाकला म्हाताऱ्याने. सरांना ती गाडी जुन्या गाड्यांच्या शोमध्ये उभी करायची होती, त्याला पण दिवस कमी राहिले होते.

मग मी डाव्या बाजूचं माप घेतलं. चार वेळा घेतलं, एवढी काळजी. कागद मधोमध घडी घातला, डावी बाजू काढली, कापली, उघडला. ब्लाऊज असाच कापतात, घडीवर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. कंपनीत पण डावी-उजवी आरशातली. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी दोन वेगळ्या बाजूंची वस्तू शिवली नव्हती. कात्री चालवताना हात जरा सुद्धा हलला नाही. कड इतकी सुंदर आली की मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

चाचा आले, डोळ्याला काळा चष्मा. हूड चढवलं. डावी बाजू अशी बसली जशी कातडी. उजवीकडे कड पट्टीपर्यंत पोचेना. ओढली की कोपऱ्यातून काचेपर्यंत तिरकी सुरकुती, साडीचा पदर कुणी मागून धरल्यासारखी. सोडली की खाली फट, बोट जाईल एवढी.

सर त्या संध्याकाळी आले. त्यांच्याकडे लेझरचं मशीन होतं, गाडीवर लाल रेघा मारतं आणि लॅपटॉपवर चित्र काढतं. त्यांनी अर्धा तास मोजलं आणि मऊ आवाजात सांगितलं की गाडीची मागची उजवी बाजू डावीपेक्षा चौदा मिलिमीटर लांब आहे. हूड बरोबर आहे, बॉडी वाकडी आहे.

ते ऐकून मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. हूड बरोबर आहे, म्हणजे मी बरोबर आहे, म्हणजे झोळी तिथेच राहणार.

आता ती मागची उजवी बाजू गंजली होती आणि चाचांनी नवा पत्रा ठोकून ती केली होती, चार महिन्यांपूर्वी, ऑपरेशनच्या आधी, जेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं आणि ते कुणाला सांगत नव्हते. त्यांनी त्या बाजूवर हात फिरवला, परत फिरवला. मग म्हणाले, "माझीच चूक असेल, साहेब. डोळा धोका देत होता. कापून परत करतो."

सर म्हणाले चाचा तुम्हाला दोष देत नाही, पण मला दोन्ही बाजू एक पाहिजेत, शोमध्ये जजसमोर उभी करायची आहे. चाचांनी मान हलवली. एवढे दिवस त्यांना बघत होते, हातोडी टाकून दिलेली मी कधी बघितली नव्हती. त्या दिवशी त्यांनी हातोडी खाली ठेवली ती जाग्यावर नाही ठेवली, कुठेतरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पण सुट्टी काढून आले. चाचांनी गाडीच्या उजव्या बाजूला पांढरी टेप लावून कापायची रेघ आखली. ग्राइंडरला नवी चकती लावत होते. परी रडत होती, तिला दात येत होते, म्हणून मी झोळीत घालून झोके देत होते. ती झोपली. मी वर बघितलं, का बघितलं माहीत नाही, झोळीचं कापड सरकलं होतं आणि काठी उघडी पडली होती. काठीच्या मधोमध पेन्सिलीची उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला एकसष्ट. दुसऱ्या बाजूला बासष्ट, मग स्वल्पविराम, मग चार.

मी नववी शिकलेली असले तरी कंपनीत मापं वाचलीत. बासष्ट आणि वर चार. बासष्ट पूर्णांक चारमधून एकसष्ट गेले. एक पूर्णांक चार सेंटिमीटर. चौदा मिलिमीटर.

 गाडी चाचांनी वाकडी केली नव्हती. ती तशीच होती, पहिल्यापासून. इटलीत ज्या माणसाने तिचं पहिलं हूड शिवलं त्याने मधे रेघ मारून दोन्हीकडचं माप वेगळं घेतलं होतं आणि विसरू नये म्हणून लिहून ठेवलं होतं. चाचांनी गंजलेल्या पत्र्याबरहुकूम नवा पत्रा केला होता, मिलिमीटरला मिलिमीटर, अर्ध्या आंधळ्या डोळ्यांनी. चूक एकच होती आणि ती माझी, आणि अख्ख्या जगात ती फक्त मला माहीत होती.

इथे मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही, एक झोका जाऊन आला असेल. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. बाजू कापली असती, जोडली असती, रंग दिला असता, माझं हूड कातडीसारखं बसलं असतं. सगळे खूश. चाचा पुढे जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसले असते एवढंच.

ग्राइंडर सुरू झाला. मी ओरडले, चाचा थांबा, पण त्या आवाजात काय ऐकू येतंय. गॉगल लावून ते टेपच्या रेघेवर वाकले होते. मी पळाले आणि भिंतीतला प्लग उघड्या हाताने उपटला.

चाचा म्हणाले, "लाईट गेली काय?"

"मी काढला."

"तू? प्लग?"

"गाडी बरोबर आहे, चाचा. हूड चुकलंय. मी घडीवर कापलं."

चाचांना लगेच कळलं, त्यांनी डोळे मिटले. सरांना कळलं नाही, त्यांनी विचारलं घडीवर म्हणजे काय. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, घडी घातली, नखाने कापून दाखवलं, उघडलं. दोन्ही बाजू एक. सर म्हणाले मग बरोबरच आहे की, दोन्ही बाजू एकच पाहिजेत. तेव्हा मी परीला झोळीतून उचललं, ती उठली, रडायला लागली, तिला कडेवर घेऊनच काठी ओढून काढली आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी ती उजेडाकडे धरून बघितली. म्हणाले तिकडे टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. मग लॅपटॉप उघडला, त्यांचा आकडा बघितला, काठी बघितली, लॅपटॉप बंद केला.

चाचांनी गॉगल काढला, काळा चष्मा काढला, काठी नव्या डोळ्याजवळ नेली. पेन्सिलीवरून अंगठा फिरवला, पुसू नये असा हलका. मग मला म्हणाले, "या माणसाने किती बाजूंनी माप घेतलं?"

"दोन."

"आणि तू?"

"एक."

एवढंच. याच्यापेक्षा जास्त ते मला कधी बोलले नाहीत, आणि याच्यापेक्षा जास्त मला कुणाचं लागलं पण नाही.

तोंड उघडलंच होतं तर मी बाकीचं पण सांगून टाकलं, की मी इथे यायच्या आधी हूड शिवलं नव्हतं, खोटं बोलले होते. चाचा म्हणाले, "ते मला बोकडाच्या गाडीतच कळलं. शिवणारीचं हूड तेवढं गळत नाही."

सर हसले नाहीत. बाहेर गेले, रस्त्यावर उभं राहून कुणाशीतरी फोनवर बोलले, परत आले आणि सांगितलं की असलं कापड शोच्या आधी येत नाही. मी मान खाली घालून झोळी सोडायला लागले. गाठ सुटेना, हात ओले झाले होते.

चाचा मागून म्हणाले, "झोळी कशाला सोडते? काठी लाव, पोरीला झोपव आणि उरलेलं कापड काढ बाहेर."

"काठी नाही," सर म्हणाले. "ती ओरिजिनल आहे. ती माझी."

मग चाचांनी पाइपचा एक तुकडा दिला, परीची झोळी त्याच्यावर. आजपण सरांच्या घरी हॉलमध्ये ती काठी काचेच्या पेटीत आहे म्हणे, माझ्या पोरीने तिला खालून किती दिवस लाथा मारल्यात ते त्यांना मी सांगितलेलं नाही.

उरलेल्या कापडात अख्खी उजवी बाजू निघत नव्हती. दोन दिवस मी नुसता कागद फिरवला. मग एक सुचलं. मागच्या खिडकीच्या उजवीकडे एक शिवण असतेच. ती उसवायची आणि तिच्यात पाचर घालायची, वर निमुळती, खाली चौदा मिलिमीटर. म्हणजे एका शिवणीच्या जागी दोन शिवणी, जवळजवळ, बघणाऱ्याला वाटेल डिझाइन आहे. पण दोन शिवणी म्हणजे भोकं दुप्पट. आणि ती बरोबर उजव्या सीटवर बसणाऱ्याच्या डोक्यावर. मी प्रत्येक टाका मेण लावून घेतला. या वेळी माप दोन्हीकडून घेतलं, वरून घेतलं, खालून घेतलं, चाचा म्हणाले आता शेजाऱ्याच्या गाडीचं पण घे.

पाण्याच्या दिवशी मी उजव्या सीटवर बसले, पाचरीच्या बरोबर खाली. हूड लावलं, काचांच्या जागी लावतात ते बाजूचे पडदे लावले. माझा श्वास नेहमीसारखा वर अडकला. तेवढ्यात डावीकडचा पडदा उघडून सर आत आले आणि स्टेअरिंगसमोर बसले. मी म्हटलं सर नियम आहे, शिवणाऱ्यानेच बसायचं. म्हणाले गाडी माझी आहे, मी पण बसतो.

पाणी सुरू झालं. आत इतका आवाज, जसं पत्र्यावर वाटाणे ओततात. दोघंही वर बघत बसलो. अंधार, कापडाचा वास, मेणाचा वास. सर हळूच म्हणाले, "तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

मी म्हटलं, "चाचांना पण कळलं नसतं. म्हणूनच बोलले."

 मी मांडीवर ओढणी पसरली होती, कोरडी, थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून. पाचरीवरून पाणी वाहत गेलेलं आतून सावलीसारखं दिसत होतं. ओढणीवर काही नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग टप् असा आवाज आला. दोघांनी एकदम बघितलं. थेंब सरांच्या गुडघ्यावर पडला होता, डावीकडे, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून. काचेची चौकट चाचांची.

मी पडदा बाजूला करून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "चाचा, माझं कोरडं आहे. तुमच्या बाजूने गळतंय. तुम्ही या आत."

चाचा पाइप टाकून आले, आत बसले, मी पाइप धरला. एक कबूल करते, मी पाणी जरा जास्तच मारलं. पण त्यांनी आत बसायला जाताना हातोडी उचलली होती आणि जाग्यावर ठेवली होती, ते मी बघितलं.

शोमध्ये गाडीला काय मिळालं ते विचारू नका, मला ते नीट आठवत नाही, काहीतरी मिळालं. मला आठवतं ते हे की एका म्हाताऱ्या जजने हुडावरून हात फिरवला आणि त्याचा हात त्या दोन शिवणींवर जरा थांबला, असं सर म्हणाले. बाकी कुणाला ती पाचर कळत नाही. मला कळते. त्या गाडीचा फोटो बघितला की माझा डोळा आधी तिथेच जातो, आणि वाटतं, चार दिवस थांबलीस तशी पाचव्या दिवशी पण थांबली असतीस तर. ते राहणार, त्याला इलाज नाही.

आता माझ्याकडे दोन मुली शिकायला आहेत, दोघी कंपनीतून आलेल्या, दोघींचा हात चांगला आणि दोघी पहिल्या दिवशी कागदाला घडी घालतात. मी ओरडत नाही. मी म्हणते, दोन्हीकडून मोज, मग बोल. परीचा फ्रॉक कापते तेव्हा सुद्धा तिचे दोन्ही खांदे मोजते, ती म्हणते आई गुदगुल्या होतात.

एक गोष्ट चाचांना माहीत आहे, सरांना नाही, आता अंक वाचून कळेल. हुडाची मागची कड नव्या पट्टीवर ठोकायच्या आधी मी चाचांकडून पेन्सिल मागून घेतली. मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे एक आकडा लिहिला, उजवीकडे दुसरा, स्वल्पविरामासकट, त्या माणसाने लिहिले होते तसेच. खाली लिहिलं, घडीवर कापू नये. त्याच्या खाली, शीतल. वरून कापड आलं, खिळे आले, आता ते हूड फाटेपर्यंत कुणाला दिसायचं नाही. कधीतरी फाटेल, तेव्हा मी नसेन, गाडी कुठल्या देशात असेल देव जाणे, उघडणाऱ्याला मराठी येणार नाही.

म्हणून आकडे मी इंग्रजीत लिहिलेत.